खरी आणि पूर्ण माहिती

१३ जानेवारी

चार वर्षं या खुर्चीवर बसून वाट बघितली, आणि आज थीसनची फाइल आपल्या पायांनी चालत माझ्या टेबलावर आली. शेजारच्या टेबलावरच्या डीड्राने ती माझ्यापुढे टाकली नि म्हणाली, “घे गं बाई, हा म्हातारा तूच सांभाळ. माझ्याशी बोलताना तो मागच्या भिंतीकडे बघत असतो. मला वाटतं माझ्या केसांत काही अडकलंय.”

“आण इकडे,” मी म्हटलं. तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून कॉफीचा मग तोंडाला लावला.

सगळं लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन मऊ पडायला लागलं तर वाचायला बरं. प्रोफेसर गॉर्डन थीसन, गव्हावरच्या तांबेरा रोगाचा अख्ख्या नेब्रास्कातला मोठा जाणकार. मी त्याच्या लॅबमध्ये पीएच.डी. करत होते तेव्हा माझं आडनाव केलर नव्हतं, मी लोर्ना ह्रुस्का होते. नाताळच्या सुट्टीत ग्रीनहाउसमधला पाण्याचा फवारा चालूच राहिला आणि जवळजवळ सगळ्या रोपांवर तांबेरा चढला. सगळे म्हणाले, टाका फेकून. मी फेकली नाहीत. एका ट्रेमधली रोपं हिरवीगार उभी होती. ती का वाचली हे शोधायला मला दोन हिवाळे लागले. पेपर छापून आला तेव्हा पहिलं नाव ब्राइसचं, थीसनच्या लाडक्या शिष्याचं. शेवटचं थीसनचं. आणि माझं? खाली आभारांत. ‘रोपांची निगा राखल्याबद्दल.’ मी तोंड उघडलं, तर पुढच्या वर्षी माझी शिष्यवृत्तीच बंद झाली. मग केलरशी लग्न केलं, मग केलर गेला, त्याचं आडनाव तेवढं राहिलं.

आता मी त्याच विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयात बसून मोठ्या लोकांची बायोस्केच तयार करते. बायोस्केच म्हणजे वॉशिंग्टनकडे अनुदान मागणाऱ्या शास्त्रज्ञाची कुंडलीच: कुठे शिकला, कुठे कुठे पदं आहेत, कुठले पेपर लिहिले. भरते मी. पण शेवटी ‘ही माहिती खरी आणि पूर्ण आहे’ या वाक्याखालचं बटण त्याने स्वतः दाबायचं. खोटं निघालं तर गुन्हा त्याचा.

अर्जाची मुदत पाच मार्च, संध्याकाळी पाच. या वेळी पैसा मिळाला नाही तर त्याची लॅब बंद. आहा!

१७ जानेवारी

आला होता. माझ्यासमोर बसला. मला ओळखलं नाही म्हणे! चष्मा पुसला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “तुम्हीच का त्या फॉर्मवाल्या?”

तुम्ही! एके काळी “अगं ह्रुस्का, इकडे ये” म्हणून अख्ख्या मजल्यावर हाका मारणारा माणूस. अंगाचा तिळपापड झाला. मला बघून माणूस इतका वरमायला हवा की मान वर होऊ नये, आणि हा बघतोय तेही जणू पहिल्यांदाच भेटतोय अशा थाटात. नाटकी मेला.

खिशातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. त्यावर सुबक बायकी अक्षरात माझं नाव, इमारत, मजला, ‘लिफ्टमधून उतरून डावीकडे’. याच इमारतीत तीस वर्षं वावरला, आणि तरी बायकोने रस्ता लिहून द्यायचा. मार्लिसला अजून सेक्रेटरीसारखी राबवतोय.

मी विचारलं, “पूर्ण प्रोफेसर कुठल्या साली झालात?”

“ते असेल कुठेतरी लिहिलेलं. बघा तुम्हीच.” आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसला. आपल्या मोठेपणाची तारीखसुद्धा दुसऱ्याने शोधून द्यायची!

२४ जानेवारी

आज त्याचा ऑर्किड क्रमांक अनुदानाच्या सरकारी वेबसाइटवरच्या त्याच्या खात्याला जोडला. सोळा आकडी नंबर, जगातल्या प्रत्येक संशोधकाला एक. नावं सारखी असतात, बायकांची तर बदलतात, नंबर बदलत नाही. तो जोडला की माणसाचे पेपर आणि नोकऱ्या आपोआप खाली उतरतात. मीही शिकताना माझ्या नावाचा एक काढला होता. त्यात पेपरच्या जागी काही नाही, नुसतं पांढरं पान. ते जाऊ दे.

त्याची यादी उतरताना बघत होते आणि मध्येच थांबले. ब्राझील. पराना प्रांतातली एक गहू संशोधन संस्था. ‘मानद प्राध्यापक, आजतागायत.’ ही नोंद त्याने केलेली नाही, त्या संस्थेनेच परस्पर केली आहे. आणि त्याने दिलेल्या जुन्या बायोस्केचमध्ये ब्राझीलचा ब सुद्धा नाही.

बाहेरच्या देशातलं पद लपवणं म्हणजे आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं पाप. पगारी असो की बिनपगारी, सांगायलाच हवं. दोन पेपर चुकले तर कोणी विचारत नाही, पण हे लपवलं तर नुसतं अनुदान जात नाही, अब्रू जाते.

डीड्राने विचारलं, “काय गं, लॉटरी लागली की काय?”

“लागेल असं वाटतंय,” मी म्हटलं.

२८ जानेवारी

नियम म्हणून फोन केला. “प्रोफेसर, परदेशात कुठे काही पद आहे का तुमच्याकडे? ब्राझील वगैरे?”

एकदम मोकळ्या आवाजात म्हणतो, “ब्राझील? छे हो. मी कधी गेलोच नाही ब्राझीलला.”

मी त्याच्या लॅबमध्ये असताना दर हिवाळ्यात त्याचे तिथले फोटो बघितलेत! शेतात उभा, डोक्यावर गवती टोपी. आणि माझ्या कानात सांगतो गेलोच नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसलीच गत.

मी पुढे काही बोलले नाही. मी विचारलं, त्याने नाही म्हटलं, माझे हात स्वच्छ. खरं तर मला दिसलं होतं, तेव्हा मी सांगायला हवं होतं, हेही मला माहीत आहे. पण माझ्या वेळी मला कोणी काय सांगितलं होतं?

६ फेब्रुवारी

त्याच्या खात्यावरून मेल येतायत. नीटनेटक्या, एकेक मुद्दा वेगळा, आणि शेवटी ‘आपल्या कष्टांची मला जाणीव आहे.’ थीसन आणि आभार! माझ्या अख्ख्या पीएच.डी.त त्या माणसाने मला ‘बरं’ यापलीकडे शब्द दिला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. त्याची गरज अजून सरलेली नाही, म्हणून ही साखरपेरणी.

‘विज्ञानातलं योगदान’ या रकान्यात पहिला मान अर्थात त्याच पेपरला. ‘माझ्या मार्गदर्शनाखाली ब्राइसने तांबेऱ्याला दाद न देणारी गव्हाची जात शोधली.’ हे वाक्य मीच टाइप केलं. माझ्याच बोटांनी. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी

बुधवार आला की कॅन्टीनमध्ये चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा रस्सा, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल; इथे हीच जोडी. मी ट्रे घेऊन बसले होते, तर हा समोर येऊन बसला. कोटाची बटणं एक घर चुकलेली. चिलीत रोल बुडवत त्याने मला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगितली. रशियातून येताना मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी म्हणे मुलांना बसवून एकेक दाणा निवडायला लावला आणि पेटीत भरून गहू आणला. सुंदर सांगतो, हे नाकारून चालणार नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही याच गोष्टीवर भाळले होते.

मग पाणी प्यायला, तोंड पुसलं, आणि म्हणाला, “तुम्हाला माझ्या पणजोबांची गोष्ट सांगितली का?”

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू! दाणा न दाणा तोच. समोर कोण बसलंय, तिने ऐकलंय की नाही, याच्याशी त्याला काही कर्तव्यच नाही. आम्ही सगळे म्हणजे याच्या सभेतल्या खुर्च्या. मी रोल अर्धा टाकून उठले.

उठताना तो म्हणाला, “तुमचा चेहरा फार दमलेला दिसतो. काळजी घ्या हं.” आला मोठा काळजीवाला.

२० फेब्रुवारी

आज मनात चलबिचल झाली. खरंच झाली. त्याच्या लॅबमधली एक पोरगी आली होती, तिचं बायोस्केच जोडायचं होतं. लॅब बंद पडली तर ती कुठे जाईल, असं एकदम मनात आलं. मग मीच मला विचारलं, तू कुठे गेलीस हे कोणी विचारलं होतं का? नाही ना? मग गप बस.

पण एक ठरवलं. लॅब बुडवून मला काय मिळणार? मला हवंय ते वेगळंच आहे. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. त्याने बटण दाबलं की मी ब्राझीलची नोंद त्याच्यापुढे धरणार आणि सांगणार, ‘प्रोफेसर, तुम्ही आत्ता सरकारला खोटं सांगितलंत. आता एक खरं बोला. ते काम ह्रुस्काचं होतं, असं म्हणा. डीड्रासमोर म्हणा, सगळ्या कार्यालयासमोर म्हणा. नाहीतर मी हे वर कळवते.’

याला काय म्हणतात ते मला कळतं. असू दे. त्याने माझी दोन वर्षं चोरली तेव्हा त्याला तरी कुठे शब्द सापडला होता?

३ मार्च

मार्लिसचा फोन. तिचा आवाज मी लगेच ओळखला. त्यांच्या घरी मी थँक्सगिव्हिंगला जेवलेली आहे, तिने मला झ्वीबाक नावाच्या लोणीदार पावांचा डबा बांधून दिलेला आहे. तिनेही ओळखलं नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही.

“ते शेवटचं बटण तुम्हीच दाबून टाका ना,” म्हणाली. “पासवर्ड मी सांगते.”

“नाही चालत, मॅडम. बाकी सगळं मी करू शकते, पण तेवढं त्यांनी स्वतः करायचं असतं.”

“अहो, एक बटण तर आहे.”

“एकच आहे, म्हणूनच.”

मग म्हणाली, “लॅबमध्ये असला की तो बरा असतो हो. आणखी दोन वर्षं मिळाली तरी पुष्कळ. घरी बसला तर... मी घेऊन येते त्याला.”

म्हणे लॅबमध्ये बरा असतो! मग घरी काय चावतो की काय? या बायकांनीच या पुरुषांना डोक्यावर चढवून ठेवलंय. इतकं झालं तरी बाई त्याचीच वकिली करते.

परवा. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. परवा असेल.

५ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

दुपारी दोघं आली. मार्लिसने त्याचा कोपर धरला होता. मला वाटलं बर्फावरून घसरू नये म्हणून. पण कार्यालयात आल्यावरही सोडला नाही. त्याला खुर्चीत बसवलं, टोपी काढली, नाक पुसलं. पर्समधून चिठ्ठी काढून पासवर्ड तिनेच टाइप केला. सरकारी खात्याने त्याच्या फोनवर आकडे पाठवले. फोन त्याच्या हातातच वाजला आणि तो त्याच्याकडे बघत राहिला, जणू कोणी दुसऱ्याचीच वस्तू हातात दिली आहे. आकडे तिने वाचले. तिने घातले. स्क्रीनवर ते वाक्य आलं: ‘ही माहिती खरी आणि पूर्ण आहे.’ मग मार्लिसने त्याचा हात उचलून माउसवर ठेवला, त्यावर आपला हात ठेवला, आणि लहान पोराचं अक्षर गिरवून घ्यावं तसा ढकलायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पणजोबांची गोष्ट, कार्ड, बटणं, ब्राझील, मार्लिसने लिहिलेल्या त्या मेल. सगळं. आणि मी, गाढवीण, दीड महिना या विसरण्याला माज समजून बसले होते.

“थांबा,” मी ओरडले. “शपथ त्यांची आहे, तुमची नाही.”

“अगं, एकदाच,” मार्लिस म्हणाली. “तुझ्या पाया पडते.”

तो इकडे आमच्याकडे लक्ष न देता स्क्रीनवरची यादी मोठ्याने वाचत होता. त्या पेपरपाशी आला आणि थांबला. “हे चुकलंय,” म्हणाला. “हे ब्राइसचं नव्हे. हे ह्रुस्काने शोधलं. आमच्याकडे एक पोरगी होती, ह्रुस्का. सगळे म्हणाले फेका, तिने ट्रे ठेवला.”

“गॉर्डन, राहू दे आता,” मार्लिस म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “घरीही रोज हेच चालतं. तिला फोन लाव म्हणतो. मी म्हणते नंबर सापडत नाही.”

मी विचारलं, “मग तिचं नाव का नाही घातलंत?”

त्याने विचार केला. खरोखर, मनापासून केला. “ब्राइसला नोकरी हवी होती. आणि ती गप्प बसेल असं वाटलं मला.” मग, “कुठे असते हो ती हल्ली?”

“मीच ह्रुस्का,” मी म्हटलं. “इथेच असते. तुमच्यामुळे. तुमचे फॉर्म भरते.”

बघत राहिला. मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. माझा हात दोन्ही हातांत धरला. “अगं... अगं ह्रुस्का...” म्हणाला. मार्लिसने भिंतीकडे तोंड केलं.

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी अंगात ऊब आली.

मार्लिसने त्याचं तोंड पुसलं, पाणी पाजलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग माझ्याकडे वळला. गालावर पाणी होतं, ते कशाचं हे त्याला ठाऊक नव्हतं. चष्मा पुसत म्हणाला, “तुम्हीच का त्या फॉर्मवाल्या? इथे एक चूक आहे बघा. हे काम एका पोरीचं होतं. ह्रुस्का. कुठे असते हो ती?”

आणि मी पुन्हा सांगितलं. होय, पुन्हा. जाणूनबुजून, तेच शब्द, तितक्याच थंडपणे. आणि तो पुन्हा तसाच रडला, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. डीड्रा दारात येऊन उभी होती. “अगं, काय करतेयस तू?” म्हणाली. हीच माझी साक्षीदार. तिच्यासमोरच मला ऐकायचं होतं ना सगळं? ती त्याच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मार्लिसने हात पुढे करून कॉम्प्युटर बंद केला. “पुरे. नको अर्ज. काही नको.” अडीच वाजले होते, पाचपर्यंत वेळ होता. मी थांबवलं नाही. म्हणजे लॅब बंद होणार. मला हवं होतं ते सगळं आज मिळालं.

तिने त्याला कोट चढवला, बटणं नीट लावली, टोपी घातली. दारापर्यंत गेली आणि तो कोपर सोडवून मागे आला. टेबलावर दोन्ही हात टेकून, गुपित सांगावं तसा वाकून म्हणाला, “बाई, तुम्ही या कार्यालयात सगळ्यांना ओळखता. एक ह्रुस्का नावाची मुलगी होती आमच्याकडे. फार हुशार. तिचं काय झालं, माहीत आहे का तुम्हाला?”

मार्लिस दारातून माझ्याकडे बघत होती. हात जोडले नाहीत तिने, नुसती बघत होती.

“आहे ना,” मी म्हटलं. “मोठी प्रोफेसर झाली ती. तांबेऱ्यावरच काम करते. जगभर नाव आहे तिचं.”

त्याचा चेहरा असा उजळला, की अख्ख्या पीएच.डी.त मी तो तसा कधी बघितला नव्हता. वळून बायकोला म्हणाला, “ऐकलंस, मार्लिस? आणि मी उगीच जिवाला घोर लावून घेतला होता. म्हणजे माझ्यामुळे त्या पोरीचं काहीच बिघडलं नाही.”

“काहीच नाही,” मी म्हटलं.